सुनेचं लेक्कर

पोराने हॉलंडमध्ये तिकडच्याच मुलीशी लग्न केलं. सून पहिल्यांदाच रहिमतपूरला येणार म्हटल्यावर मी फोनवर त्याच्याकडून एक डच शब्द मागून घेतला. तो म्हणाला, ‘लेक्कर’ पाठ कर, म्हणजे चविष्ट. एवढ्यावर भागेल.

कसलं भागतंय! सून आली आणि तिचं लेक्कर सुरू झालं. भरलं वांगं लेक्कर. बरं, समजलं. पण कढत पाण्याने अंघोळ झाली, लेक्कर. गच्चीवर वारं सुटलं, लेक्कर. दुपारी तीन तास घोरली, उठून तेच. प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाय पसरून बसली तरी लेक्कर! पोरगं सांगतं, जिवाला बरं वाटलं की त्यांच्यात असंच म्हणतात. मी पस्तीस वर्षं शाळेत विशेषणं शिकवलेली, माझं डोकंच उठलं. माझी पुरणपोळी आणि ती खुर्ची एका मापात? आमचे हे फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी पेपरातून मान वर न काढता सुनावलं, "आपन न्हाई व्हय सगळ्यालाच लय भारी म्हनत?"

पण माझी खरी धास्ती निराळीच होती. ही तोंडदेखलं म्हणत असेल तर? मग पुन्हा कशाला येतेय इकडे, आणि पोरगंही तिकडचंच होऊन जाईल. जीव नुसता टांगणीला लागला होता.

ते निघायच्या आदल्या दिवशी मी आगाऊपणा केला. ह्यांना बीपी, म्हणून त्यांचं पिठलं वेगळं काढलं आणि उरलेल्यात मुद्दाम तिप्पट मीठ टाकलं. सुनेला वाढून समोरच बसले.

तिने घास घेतला, थांबली, तांब्याभर पाणी प्यायली आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "नीत लेक्कर."

लेक्कर नाही! पोराचा चेहरा उतरला. आमच्या घरात सासूच्या तोंडावर असं कुणी बोललेलं नाही. मी स्वतः सासूबाईंची अळणी आमटी तीस वर्षं छान म्हणत गिळली. पण मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हणजे वांगं, वारं, खुर्ची, सगळं खरंच होतं की. मी उठून तिची अलाबला काढली, हसू काही आवरेना. मग पोराला माझी लबाडी सांगितली, त्याने तिला सांगितली. ती पोट धरून हसली आणि काहीतरी म्हणाली.

काय म्हणते, मी विचारलं.

"म्हणते, आई, दर वर्षी असंच करून बघा. दर वर्षी येऊन खरं सांगेन."