देवाकडे राहिलेलं हॉल तिकीट

आमच्या शथौ गावात मोज्यांच्या कारखान्यात कधीच पाऊल न टाकलेली बाई शोधूनच काढावी लागेल. श्याव युल्वानने तर सत्तावीस वर्षं तिथे एकच काम केलं. मोज्याचं पुढचं टोक, जिथे पायाची बोटं येतात, ते शिवून बंद करायचं. डझनाचा गठ्ठा झाला की कडेवरून अंगठा फिरवायचा. एखादा मोजा जाड किंवा पातळ असला की अंगठा आपोआप तिथे थांबे. डोळ्यांनी बघायची गरजच नसे.

मग मालकाने यंत्रं व्हिएतनामला हलवली. निरोपाच्या दिवशी त्याने सगळ्या बायकांसमोर कमरेत वाकून माफी मागितली, प्रत्येकीच्या हातात मोज्यांचं एक खोकं दिलं, आणि बावन्नाव्या वर्षी युल्वान घरी बसली.

नवऱ्याची, म्हणजे खुनशानची, पेरूची बाग होती. ती महिनाभर बागेत गेली. झाडावरच्या एकेका पेरूला पिशवी बांधायची, म्हणजे दिवसभर शिडीवर चढउतार. गुडघ्यांनी हात टेकले. तेवढ्यात शेतकरी संघाच्या पेरूच्या गोदामात कारकुनाची जागा निघाली. खुर्चीवर बसून पेट्यांची नोंद करायची, पत्त्यांची लेबलं छापायची. वयाची अट नव्हती, पण संगणकाची सरकारी परीक्षा पास हवी होती. गोदामातल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "जूनअखेरपर्यंत जागा धरून ठेवते. त्यापुढे माझ्या हातात नाही."

रोजगार कचेरीने तिला जवळच्या युआनलिन शहरात तीन महिन्यांच्या संगणकाच्या वर्गात घातलं. शिकवायला त्साय सर, वय अठ्ठावीस. पहिल्या दिवशी तिने माउस असा सरकवला की तो टेबलावरून खाली गेला. पण खरी अडचण पायाची होती. बोटं चालायला लागली की उजवा पाय शिलाई यंत्राची पट्टी दाबल्यासारखा खालीवर व्हायचा आणि अख्खं बाक हलायचं.

"मावशी, भूकंप झाला की काय?" त्साय सर विचारायचे.

"सर, पायाला अजून कळलं नाही कारखाना बंद झाला ते," ती म्हणायची, आणि वर्ग हसायचा. शेवटी तिने उपाय काढला. उजवा पाय मुडपून सरळ त्याच्यावरच बसायचं.

परीक्षा जूनच्या मधल्या शनिवारी होती. दोन दिवस आधी ती देवळात गेली. आमच्या देवळात एका अंगाला वनछांग देव आहे, विद्येचा. परीक्षेच्या दिवसांत मुलं आपल्या हॉल तिकिटाची झेरॉक्स त्याच्यापुढच्या तबकात ठेवतात, सोबत हुशारीसाठी कांद्याची पात आणि नशिबासाठी मुळा. नातवंडांच्या वयाच्या पोरांत आपली झेरॉक्स कशी ठेवायची, म्हणून युल्वान भर दुपारी, कुणी नसताना गेली. एका हातात कांद्याची पात, दुसऱ्यात उदबत्त्या, काखेत प्लास्टिकची फाइल. तेवढ्यात शाळेच्या गणवेशातल्या चार मुली खिदळत आत आल्या. तिने फाइलमधला हाताला लागला तो कागद ओढला, तबकात खुपसला, नमस्कार केला आणि बाहेर पडली.

शनिवारी सकाळी सहाला भाताची पेज समोर होती. तिने फाइल उघडली आणि तिच्या हातातला चमचा खाली पडला. हॉल तिकिटावरचा शिक्का काळा होता. खऱ्यावर तो लाल असतो. देवळात घाईघाईत तिने कागदाकडे पाहिलंच नव्हतं.

"अहो! मी खरं तिकीट देवाला दिलं!"

"म्हणजे देव बसणार परीक्षेला?" खुनशान म्हणाला. पण तिचा चेहरा बघून त्याने पेज तशीच टाकली आणि स्कूटर काढली.

देवळात थ्येनलू काका झाडलोट करत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, देवळाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. तबक रिकामं होतं. सगळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा लाल दोऱ्याने बांधून देवापुढे ठेवलेला होता. आठला पूजा, मग गठ्ठा अग्नीत. मुलांची नावं धुराबरोबर वर जातात.

"काका, तेवढं माझं तिकीट काढून घेऊ का? सव्वासातची गाडी आहे."

"देवाला दिलेलं परत मागतेस? ल्वान, वय झालं की माणसाने हळू चालावं, हळू वाचावं. पोरांच्या परीक्षा तुला कशाला?"

"पोटासाठी, काका."

काकांनी देवाकडे मान वळवली. मग म्हणाले, "मला विचारून काय होणार? ज्याचं आहे त्याला विचार. कौल लाव."

आमच्याकडे कौल लावायचा तो दोन लाकडी चंद्रकोरींनी. एक बाजू सपाट, एक फुगीर. जमिनीवर टाकल्या आणि एक सपाट, एक फुगीर वर आली, की होकार. युल्वान गुडघ्यांवर बसली. नाव सांगितलं, घर नंबर सांगितला, तिकीट परत द्या म्हणाली आणि कोरी टाकल्या. दोन्ही सपाट बाजू वर.

"हसला," काका म्हणाले. दोन्ही सपाट पडल्या की देव हसतोय, नीट विचार, असा अर्थ.

"देवा, बदल्यात चांगली झेरॉक्स ठेवते." पुन्हा दोन्ही सपाट.

"बघ, तुझा देवसुद्धा हसतोय," खुनशान दारातून म्हणाला. घड्याळात पावणेसात झाले होते.

तिने कोरी कपाळाला लावल्या. या वेळी तिचा आवाज इतका बारीक होता की दारात ऐकू गेला नाही. "देवा, मला लाज वाटली. माझं नाव त्या मुलींनी वाचू नये म्हणून मी न बघता कागद खुपसला. तुझ्यापुढे येऊन तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चुकले."

एक सपाट, एक फुगीर.

काकांनी गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. तीनशेच्या वर चिठ्ठ्या. काका चष्मा शोधू लागले, खुनशान एकेक नाव वाचू लागला. "असं केलंत तर दुपार होईल," ती म्हणाली. खरं तिकीट जाड कागदाचं, झेरॉक्स पातळ. तिने गठ्ठा मांडीवर घेतला, कडा ठोकून सारख्या केल्या आणि अंगठा फिरवला. परवा लाजेने बधिर झालेला तिचा अंगठा आज मात्र जागा होता. गठ्ठ्याच्या मध्यावर थांबला. तिने कागद ओढला.

त्यावर लाल शिक्का होता. पण नाव दुसरंच. चेन पेइर्वान, वय पंधरा.

"हे कुणाचं गं?" काकांनी विचारलं. तिने अंगठा पुढे नेला. आणखी वीस-पंचवीस कागदांनंतर तो पुन्हा थांबला. श्याव युल्वान, वय बावन्न.

तिने तिकीट छातीशी धरलं. मग दुसरं तिकीट काकांपुढे केलं. "काका, ही पोर पंधराची आहे. हिचंही वय झालं का?"

काका एवढे हसले की हातातला झाडू पडला. "जा जा, गाडी पकड. हिच्या आईला मी फोन करतो. हिची परीक्षा उद्या आहे, घरच्यांना अजून पत्ताही नसेल!"

निघता निघता तिने काळ्या शिक्क्याची झेरॉक्स गठ्ठ्यावर ठेवली, अगदी वर, नाव दिसेल अशी.

खुनशानने स्कूटर अशी हाणली की स्टेशनात पोचले तेव्हा गाडी नुकतीच आत येत होती. चांगह्वा शहरातल्या परीक्षा केंद्रावर ती आपल्या उजव्या पायावर बसली. तक्ता करताना एकदा एक रकाना गायब झाला. तिने डोळे मिटले, त्साय सरांनी शिकवलं होतं तसं 'अनडू'ची कळ दाबून एक पाऊल मागे घेतलं, रकाना परत आला. निकाल त्याच दिवशी लागायचा होता. दुपारी भिंतीवर यादी लागली, तेव्हा आधी तिला आपलं नाव दिसेना, कारण ती नापासांत शोधत होती. शेजारच्या बाईने बोट ठेवून दाखवलं.

तिने घरी फोन केला. "अहो, पास झाले."

 पलीकडून खुनशान म्हणाला, "सकाळची पेज तशीच ठेवली होती. आता खातो."

संध्याकाळी दोघं देवळात गेली. बागेतले निवडून काढलेले सहा पेरू तिने देवापुढे ठेवले, आणि या वेळी मान वर करून देवाकडे नीट, पोटभर पाहिलं. गाभाऱ्यात उदबत्तीचा वास होता, आणि तिचे दोन्ही पाय शांत होते.

"पास?" काकांनी विचारलं.

"पास. सोमवारी गोदामात रुजू होते."

"मग रुजू व्हायच्या आधी देवाचं एक काम कर. चेनांच्या घरून आभार मानायला दोन वेळा फोन आला, तिकीट वाचलं म्हणून मुलीची आई रडत होती. दर वर्षी हा घोळ होत असेल, कळलं तुझ्यामुळे." काकांनी तबकाकडे बोट केलं. "इथे लावायला एक पाटी छापून दे. मोठ्या अक्षरांत. मला चष्म्याशिवाय दिसेल अशी."

रविवारी युल्वान युआनलिनच्या वाचनालयातल्या संगणकावर बसली. तिने छापलेली पाटी आजही त्या तबकावर चिकटवलेली आहे :

खरं हॉल तिकीट घरी ठेवा. देवाला झेरॉक्स चालते.