बायजाकाकीच्या खिशातलं ओकचं फळ

भाताच्या शेतात नाग निघाला तर जिते गावची बायजाकाकी त्यालाच बाजूला व्हायला सांगते. अशी बाई मंगळवारी दुपारी चक्क एका फळाला घाबरली.

व्हिसा संपल्यामुळे ती इंग्लंडहून परत येऊन आठच दिवस झाले होते. धुवायला काढलेल्या स्वेटरच्या खिशातून टोपी घातलेलं एक चकचकीत फळ घरंगळलं. ओक नावाच्या विलायती झाडाचं! मुलगा हर्षद तिला तिकडच्या हजार वर्षं जुन्या जंगलात फिरायला घेऊन गेला होता, तिथलं.

"हजार वर्षं कुणी तोडला नाय, म्हंजे देवाची राईच ही," असं म्हणून काकीने तिथे चिखलात बूट काढले होते. गोरी माणसं कुत्र्यांसकट थांबून बघत राहिली. आता राईतून वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नसते. नेली, तर देव घरातल्या सगळ्यात नाजूक माणसावर राग काढतो. आणि सून नमिताला नववा महिना!

काकीने फोन लावला. "हर्षद, ह्यो फळ माझ्या खिशात कोणी टाकला?"

हर्षदच्या मागून नमिताचा बारीक आवाज आला. "मीच, आई. आठवण म्हणून."

"गो, आठवणीला फोटो काढतात! रोह्याची पोर तू, तुला राई ठाव नाय?"

फळ जागच्या जागी ठेवून नारळ द्यायचा, हा एकच उपाय. पण कुरियरला लागणार सात दिवस आणि डॉक्टरांनी बाळंतपणाला दिले होते चार.

"आय, तिथं देव नाय, नुसती झाडं हायत."

"तुला कोणी सांगितला? झाडांनी?"

दुसऱ्या दिवशी हर्षद नारळ घेऊन, अनवाणी, व्हिडिओवर त्याच ओकखाली उभा राहिला. काकीने फळ फोनसमोर धरून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा, तुझा नाव म्हायती नाय. पोरीची चूक झाली..."

हर्षद तोंड उघडं ठेवून गोठला. रेंज गेली.

काकीने अकरा वेळा फोन लावला. बाराव्या वेळी तिकडूनच आला. "आय, नमिताला कळा सुरू झाल्यात!"

"नारळ?"

"फोडायचाय अजून."

"ऱ्हाऊ दे. झाडाखाली ठेव न् देवाला सांग, माफी मागू मागनं. आधी पोरीकडं पळ!"

फळ पदराच्या गाठीत बांधून काकी बसली. जेवली नाही, कुणाशी भांडलीही नाही, तेव्हा शेजारी खरे घाबरले.

सकाळी भाकरी तव्यावर असताना फोन वाजला. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

भाकरी करपली. काकीने डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला, "नमिताला सांग, बारशाला हितं आली की ह्यो फळ घेऊन जायचा. ठेवायचा तिनंच. बूट काढून!"

तोवर पाहुणा देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेशेजारी बसलाय. काकीच्या देवांसमोर टोपी न काढणारा तो एकटाच.