हिरवं बटण

आईला फोन दिला तेव्हा मी एकच गोष्ट शिकवली होती. वाजला की हिरवं दाबायचं. तिला वाचता येत नाही, पण तेवढ्यावर तिचं आणि माझ्या बहिणीचं रोजचं बोलणं व्यवस्थित चालायचं. बहीण जवळा बाजारकडे दिलेली. दुपारी सासू शेतात गेली की ती फोन करायची आणि आई हळद निवडता निवडता हिरवं दाबायची.

मग त्या फोनवर जाहिराती येऊ लागल्या. सगळा पडदा झाकणाऱ्या, आणि खाली मोठं हिरवं बटण. ते दाबलं की दुसरं पान, त्यावरही हिरवंच बटण. आई दाबत गेली. तिच्या शिकलेल्या मुलानं तसं सांगितलं होतं. एकेक ॲप आत येऊन बसलं.

बहिणीचं दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच. कळा सुरू झाल्या तेव्हा तिनं पहिला फोन आईला लावला. फोन वाजत होता, आई हिरवं दाबत होती. पडद्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ सुरू झाला आणि फोन वाजायचा थांबला. बहिणीनं परत लावला तर परत जाहिरात. आई वेळेवर पोचली नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण पाचवीला सासूनं चार बायकांत ऐकवलं, "आमच्या सुनंच्या माहेरच्यायला फोन उचलायची बी फुरसत न्हाई."

मी सुट्टीला हिंगोलीहून घरी आलो तेव्हा फोन बंद करून पिशवीत घातलेला होता.

"घेऊन जाय हे," आई म्हणाली. "मला न्हाई जमत."

"मग ताईशी कशी बोलशील?"

"येईल दिवाळीला. तवा बोलू."

तिनं हे अगदी शांतपणे म्हटलं. बहिणीला त्या घरात मोकळं बोलायला ती दुपारची वेळ सोडून दुसरं काही नाही.

आईला घेऊन मी वसमतला गेलो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदारानं फोन पाहिला आणि हसला.

"मावशी, गेम लई खेळता वाटतं तुमी?"

आईही हसली. लाज लपवायला ती तशी हसते. मी हसलो नाही.

"हे जाहिरातीचं मूळ काढता येतं का?" मी विचारलं.

"कंपनीनंच आत टाकलेलं असतंय भाऊ. फॉर्मेट मारलं तरी परत येतंय. लॅपटॉप जोडून काढतात म्हणं, पण ते आपल्याकडं न्हाई. आन् खरं सांगू का, फोन बराबर हाय. मावशीला फक्त सांगा, दिसंल ते दाबू नका."

त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता, तरी मी रागावलो. परत येताना बसमध्ये आई म्हणाली, "त्याचं काय चुकलं? मीच दाबलं न्हवं."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आईनं उन्हातान्हात लोकांची शेतं निंदली म्हणून मी शिकलो. कॉलेजात संगणकाच्या सरांनी इंग्रजी सूचना न घाबरता वाचायला लावल्या, त्यांचाही मी ऋणी आहे. लॅपटॉप माझ्याकडे नाही. पण नेटवरच्या सूचना वाचत गेलो तेव्हा कळलं की एका अँड्रॉइड फोनवरून दुसऱ्याला केबलनं हुकूम देता येतात. केबलच्या एका टोकाला छोटी पिन लावायची. ती ज्या फोनला लागते तो हुकूम देणारा, दुसरा ऐकणारा.

आधी आईच्या फोनमध्ये एक लपलेली सोय चालू करावी लागते. सेटिंगमधल्या एका ओळीवर बोट आपटत राहायचं. मी आपटलं आणि तिच्या पडद्यावर संदेश आला, की तुम्ही आता डेव्हलपर आहात. मी तो तिला वाचून दाखवला.

"म्हंजे काय झाले मी?"

"फोन बनवणारे लोक असतात ना, त्यांच्यातली एक."

"मग त्यायला इचार की, हे काहून केलं म्हणून."

केबल जोडली. माझ्या फोननं विचारणा पाठवली आणि आईच्या पडद्यावर चौकट उघडली, परवानगी द्यायची का. फोन तिच्या हातात होता.

"दाब आई. उजवीकडचं."

तिनं बोट मागे घेतलं. "हिरवं न्हाई ते."

"नसू दे. मी सांगतो ना."

"तूच सांगितलं व्हतं हिरवं दाबाय. त्यानं काय झालं, बघितलं न्हवं?"

मला तेव्हा खरा राग आला. माझ्या फोनला आईच्या फोनमध्ये शिरायला तिची परवानगी मागावी लागत होती. त्या जाहिरातीला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि ते बटण आपोआप हिरवं झालेलं नाही. कुठल्यातरी थंड खोलीत बसून कुणीतरी तो रंग निवडला. माणसं हिरवं दाबतात, हे त्याला माहीत होतं. तो माणूस शिकलेलाच असणार, माझ्यापेक्षा जास्त. त्याच्याही घरात कुणी वाचता न येणारं असेल की नाही, मला माहीत नाही. असलं तरी त्यानं केलंच.

शेवटी आईचं बोट धरून मी ते दाबलं.

माझ्या फोनवर आतल्या ॲपांची भलीमोठी यादी आली. ज्याच्या जाहिराती येत होत्या त्याला साधं वॉलपेपरचं नाव होतं. सेटिंगमध्ये त्याचं काढून टाकायचं बटण फिकट केलेलं, दाबलं तरी न दबणारं. इथून मी ते काढायचा हुकूम दिला. एक अक्षर चुकलं, पुन्हा लिहिला. खाली 'सक्सेस' उमटलं. मग आईच्या हातून आलेले खेळ आणि बाकीची ॲपं एकेक करून काढली. फोन पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. जाहिरात आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. पडद्यावर बहिणीचा फोटो, खाली लाल आणि हिरवं. आई हळदीच्या सुपाजवळ बसली होती. तिनं फोन हातात घेतला, बोट हिरव्यावर नेलं आणि तिथंच थांबवलं. माझ्याकडे पाहिलं.

"दाबू का?"

ॲप काढायचा हुकूम मला सापडला होता. याच्यावर माझ्याकडे काही नव्हतं. फोन वाजत राहिला.

"दाब," मी म्हणालो. माझा आवाज चढलेला होता, आणि तिला वाटलं मी तिच्यावरच चिडलोय.