पुसलेलं जपणारा प्रसेनजित

माझा पुतण्या प्रसेनजित कळंबला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. चौदा एप्रिलची जयंती जवळ आली की इकडं आमच्या गावातली पोरं फेसबुकवर आमच्या वस्तीबद्दल घाण लिहायची. आम्ही पोलिसांत जायचं म्हटलं की पुसून टाकायची, अन् वर आम्हालाच विचारायची, "दाखवा, कुठं लिहिलंय?"

यंदा प्रसेनजितनं दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम बसवला. गावाच्या पेजवर काही पडलं की त्याची नक्कल साठायची, मागून पुसलं तरी राहायची. त्यात सरपंचाच्या पुतण्याची, कुमारची, शिवी सापडली. प्रसेनजित तक्रार द्यायला निघाला, तशी गावानं बैठक बसवली. शिवी पडली तेव्हा कुणाला गाव आठवलं न्हाय. पुरावा दिसला, तसं सगळ्यांना आठवलं.

"एका गावात राहायचंय. मिटवून घ्या."

प्रसेनजितचा बाप, माझा थोरला भाऊ तात्याराव, पोराला हात जोडू लागला. मग काय! कुमारनं नारळ दिला, गळाभेट घेतली, पेजवर माफी टाकली. तक्रार द्यायची राहिली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. प्रसेनजितनं कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला.

"काका, आज काय पुसलंय बघा."

कुमारची माफी होती. टेबलावरचा नारळ अजून फोडलासुद्धा नव्हता.