गोजरबाईनं लावलेली बदामाची बाग

गोजरबाईच्या तोंडून आलेल्या आकड्याला आधी दोननं भागायचं आणि मग विश्वास ठेवायचा, हे नरसी नामदेवात लहान लेकरालाही ठाऊक आहे. दोन एकर कोरडवाहूचं चार एकर बागायत तिनं कितीदा केलं असेल, त्याची गणती नाही. बारावीत आपटलेल्या पोरांना तिनं घरबसल्या कॉलेजात धाडलंय. सेनगावकडच्या एका तिरळ्या नवरदेवाला तर "नजर जरा तेज हाय" असा दाखला देऊन तिनं बोहल्यावर चढवलं. त्याला आता तीन लेकरं आहेत आणि तो बायकोकडं बरोबर बघतो, अशी पक्की खबर आहे.

तर देवळाच्या रस्त्याला हिचं दुकान. एका बाजूला चहाची भट्टी, दुसऱ्या बाजूला फुलं, बुक्का, साखरफुटाणे. पोरीकडचे लोक सोयरिक पक्की करायच्या आधी गावात गुपचूप येतात ना, ते नवरदेवाच्या घरी न जाता पहिले इथं टेकतात. चहा मागवायचा, ऊन-पाण्याच्या गप्पा मारायच्या आणि मग सहज विचारल्यासारखं विचारायचं, "ते अमुक अमुक घर कसं आहे हो?" झालं. गोजरबाई पदर सावरून बसते आणि घर बांधायला घेते. पायापासून गच्चीपर्यंत.

तिचा नवरा सोनाजी कपबशा विसळता विसळता म्हणायचा, "अगं, एखादी वीट तरी खरी लाव."

"तुमी गप ऱ्हा. तुमच्या वक्ताला खरं सांगणारं कुणी भेटलं असतं, तर माझ्या बापानं मला इथं दिली असती का?"

यावर सोनाजी तीस वर्षं पुढची बशी विसळायला घेत आलाय.

गोजरबाईच्या दुकानाला लागून सुरजन सिंगांचं दुकान. हिंग, बदाम, अक्रोड, सुरमा, पोटदुखीच्या पुड्या. नामदेवांची वाणी शिखांच्या ग्रंथात आहे, म्हणून पंजाबातले यात्रेकरू इथं वर्षभर येत असतात, त्यांच्यावर हे दुकान चालतं. सुरजन सिंग मात्र पंजाबचे नव्हेत, अफगाणिस्तानातले, जलालाबादचे. बारा वर्षांपूर्वी बायको, एक पोरगा आणि दोन पेट्या घेऊन दिल्लीत उतरले, तिथून नांदेड आणि नांदेडहून नरसीत आले. गावानं पहिल्याच आठवड्यात त्यांना "काबुली" करून टाकलं. "काबुल नहीं, जलालाबाद," असं दोन वर्षं सांगून ते दमले. पुढं पुढं तर कुणी "ओ काबुली" म्हणून हाक मारली की आधी त्यांचीच मान वळायची.

शेजाऱ्याच्या घरी आज डाळ कुठली शिजली, हे गोजरबाईला फोडणीच्या वासावरून कळतं. पण हा माणूस इकडं का आला, एवढं एक तिला बारा वर्षांत कळलेलं नव्हतं. विचारलं की सुरजन सिंग वर बोट दाखवून म्हणायचे, "बाबा नामदेवांनी बोलावलं, बहनजी." मग उरलेली जागा तिची तीच भरायची.

यंदा हळद शिजवायच्या दिवसांत, गाव सगळं शेतात गेलेलं असताना, सकाळी दहाच्या सुमाराला एक इस्त्रीचा शर्ट दुकानात येऊन बसला. पायात चकचकीत बूट, बगलेत रेक्झिनची पिशवी. चहात साखर कमी सांगितली. आणि कपाच्या कडेवरून शेजारच्या दुकानातल्या रिकाम्या गादीकडं बघत म्हणाला, "हे सरदारजी कसे आहेत हो?"

गोजरबाईनं भट्टी बारीक केली.

सुरजन सिंगांचा दलजीत चोवीस वर्षांचा, हिंगोलीत मोबाइल दुरुस्तीला जातो. पोरगा लग्नाला आलाय, हे तिला ठाऊक होतं. पाहुण्याला पगडी नव्हती, पण नांदेडकडं कोण कुणाला पोरगी देईल ते आजकाल सांगता येत नाही, असं तिनं मनात ठरवून टाकलं. आणि त्या माणसाचे प्रश्न तरी बघा. घरात कोण कोण? पोरगा काय करतो? किती वर्षं झाली? आता हे पोरीच्या बापाशिवाय कोण विचारतं?

"माणूस म्हणजे सोनं," तिनं सुरुवात केली.

"तिकडं त्यांचं काही राहिलंय का? घरदार, जमीन?"

"राहिलंय का म्हंजे? तीनशे एकर बाग हाय! बदामाची. भाऊ बघतो सगळं."

"अस्सं. मग जाणं-येणं?"

"दरसाल! मागच्या दिवाळीलाच जाऊन आले की. बदाम उतरवून आले."

सोनाजीच्या हातातली बशी थांबली. त्यानं एकदा खाकरून बघितलं. बाईनं त्याच्याकडं पाठ केली.

"तिकडं काही त्रास, तकलीफ वगैरे होती का त्यांना?"

आता मुलीच्या बापाला कुणी सांगेल का, की ह्या घरामागं काही लचांड आहे? "तकलीफ कसली? राजावाणी ऱ्हात होते. इकडं आले ते निस्ते नामदेवाच्या ओढीनं. मनात आलं तर उद्या परत जातील, काय कमी हाय का त्यांना?"

पाहुण्यानं पिशवीतून वही काढून दोन ओळी लिहिल्या, दुसरा चहा घेतला आणि गेला. पोरीचा बाप लिहून घेतो, हे गोजरबाईनं पहिल्यांदाच पाहिलं. शिकलेली माणसं दिसतात, म्हणून तिला उलट बरंच वाटलं.

दुपारी सुरजन सिंग आले तर ही आपली गालात हसून राहिली. "पेढे आणून ठिवा, दादा. तुमचं काम करून टाकलं."

"कोणतं काम, बहनजी?"

"कळंल, कळंल."

कळलं पंधरा दिवसांनी. गावचा पोस्टमन देविदास एक लांब लिफाफा घेऊन आला आणि नेहमीसारखा चहाला न बसता उभाच राहिला. सुरजन सिंगांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि दुकानाच्या पायरीवर बसले. हिंगाचं गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याच्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

"काय झालं रे?" गोजरबाईनं देविदासला कोपऱ्यात घेतलं.

देविदास आवाज खाली करून सांगू लागला. शेजारच्या देशांत धर्मापायी ज्यांना राहणं मुश्कील झालं आणि जे ठरलेल्या तारखेच्या आत इकडं आले, अशा काही समाजाच्या लोकांना नागरिकत्व द्यायचा कायदा सरकारनं केलाय. त्याचे अर्ज बघायचं काम पोस्टखात्याकडं आहे. काबुलीकाकांनी नांदेडला जाऊन अर्ज भरला होता. सगळं सुरळीत चाललं होतं. "पण त्या चौकशीच्या साहेबांना गावात कुणीतरी सांगितलं, की ह्यांची तिकडं मोठी बाग हाय आन् दरसाल येणं-जाणं हाय. काकांनी तर लिहून दिलं, की बारा वर्षांत परत गेलो न्हाई. आता खोटं लिहून दिलं म्हणून अर्ज रद्द होईल. पुढच्या मंगळवारी हिंगोलीला बोलावलंय खुलासा द्यायला." मग तो थबकला. "काकू, तुमाला म्हाईत हाय का, असं कोण बोललं असंल?"

सोनाजीनं नळ बंद केला. त्या दिवशी त्यानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं गोजरबाईला नंतर पुष्कळदा वाटलं. तो धुतलेल्याच कपबशा पुन्हा पुसत राहिला.

हीच बाई, जी एरवी दोन गल्ल्यांपलीकडचं भांडण अंगावर घ्यायची, ती संध्याकाळपर्यंत फुलांच्या टोपलीत मान घालून बसली. शेवटी उठून शेजारच्या पायरीपाशी गेली.

"दादा, ते मीच बोलले. मला वाटलं, पोरीचा बाप हाय."

सुरजन सिंगांनी वर बघितलं. एवढा मोठा दाढीवाला माणूस, पण डोळे शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखे.

"बदामाची बाग?" ते म्हणाले. "बहनजी, बदाम मी हिंगोलीच्या बाजारातून आणतो."

दोघांनाही हसू यायला हवं होतं. पण नाही आलं.

"आन् तुमी तरी मला काहून न्हाई सांगितलं?" बाईच्या मनातली सल बाहेर आलीच. "बारा वर्षं शेजार. कागद भरला, एका शब्दानं बोलले न्हाई!"

"आम्ही तिकडं शिकलो ना, आपल्याबद्दल जितकं कमी बोलाल तितकं चांगलं." ते सरकून बसले, तिला पायरीवर जागा केली. "बसा. आता विचारा, काय विचारायचंय ते."

आणि त्यांनी सांगितलं. मोडक्या मराठीत, मध्ये हिंदी, मध्ये तिला न कळणारा एखादा शब्द. पोरगा शाळेत गेला की बाकावरची पोरं त्याच्या केसांची गाठ सोडायची, म्हणून शाळा सुटली. दुकानावर चिठ्ठ्या यायच्या, धर्म सोडा नाही तर गाव सोडा. तेही सोसलं. मग आई वारली. त्याआधी समाजातल्या एकाचं प्रेत नेताना गल्लीतून दगड आले होते, तिरडीवरसुद्धा. म्हणून आईला त्यांनी डाळिंबाच्या पेट्यांखाली झाकून गाडीतून नेलं. गाडी शेजारच्या रहीमुल्लाची होती. त्यानं भाडं घेतलं नाही. स्वतः गाडी चालवली आणि चिता विझेपर्यंत रस्त्यावर उभा राहून पहारा दिला. "त्या दिवशी मी ठरवलं. जिथं आईला उघड्यावर खांदा देता येत नाही, तिथं पोराला कशाला वाढवू?"

गोजरबाईनं मधे एकही प्रश्न विचारला नाही. तिच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

मग मात्र तिचं डोकं चालू लागलं. "दादा, मी येते हिंगोलीला. सांगते साहेबाला सगळं. त्या दगडात तुमचं डोकं फुटलं, घर जाळलं, बंदुका घिऊन..."

"नाही." सुरजन सिंगांनी हात वर केला. "डोकं नाही फुटलं. घर नाही जाळलं. जे झालं तेवढंच. एक दाणासुद्धा वाढवायचा नाही, बहनजी."

"एकदम कोरडं सांगू?"

"कोरडं."

बाईला रात्रभर झोप आली नाही म्हणतात. मीठ न घालता स्वयंपाक करायला सांगितल्यासारखं झालं तिला.

मंगळवारी जीपनं तिघं हिंगोलीला गेले. सोनाजी "मी तिला आवराया येतो" म्हणून मागं लागला. पोस्टातल्या आतल्या खोलीत टेबलामागं तीन माणसं होती आणि त्यात कमी साखरवाला इस्त्रीचा शर्टही होता. गोजरबाईला बघून त्यानं चष्मा वर केला.

"बाई, तुम्हीच सांगितलं होतं ना, की बाग आहे?"

"व्हय. ते खोटं हाय."

"का बोललात खोटं?"

"मला वाटलं, तुमी पोरीचे बाप. पोरीच्या बापाला आमी बाग लावूनच देतो, साहेब. आमच्याकडच्या लोकांना बराबर कळतं किती सोडायचं ते. तुमी बाहेरगावचे, तुमी पुरी बाग खरी धरली."

टेबलामागचा एक जण खोकल्याचं सोंग घेऊन हसला. मधले मोठे साहेब हसले नाहीत. "आता खरं बोलताय हे कशावरून? ते परत गेले नाहीत, हे तुम्हाला काय माहीत?"

इथं गोजरबाईनं पदर सावरला, आणि दाराशी उभा सोनाजी दोन पावलं पुढं सरकला.

"मला म्हाईत नसंल तर कुणाला? साहेब, ह्यांच्या दुकानाची फळी उघडली की माझ्या भिंतीला हादरा बसतो. बारा वर्षांत ती सकाळी न उघडण्याचे दिवस मी बोटावर सांगते. एकदा अमृतसरला गेले, पाच दिवस. तवा माझ्या पोराच्या, बालाजीच्या लग्नाची हळद होती आन् हे आले न्हाईत म्हणून मी दोन महिने बोलले न्हाई. एकदा बायकोचं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन नांदेडला, आठ दिवस; डबा माझ्या घरून गेला, पुनम सुनेनं दिला. करोनात तर कुणीच कुठं गेलं न्हाई. आन् मागच्या दिवाळीला मी जे सांगितलं की तिकडं गेले, तवा हे माझ्याच दुकानात बसून चकल्या तळून राहिले होते. बिघडल्या सगळ्या. अख्ख्या गल्लीनं खाल्ल्या, कुणालाबी विचारा."

इस्त्रीच्या शर्टानं पुन्हा वही काढली. ह्या खेपेला तो दोन ओळींवर थांबला नाही.

"आणि तिकडं त्यांना त्रास होता?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

सुरजन सिंग खाली बघत होते. गोजरबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ते मी बघितलं न्हाई, साहेब. त्यांनी सांगितलं ते सांगते. आईला डाळिंबाच्या पेट्यांखाली झाकून न्यावं लागलं, तिरडीवर दगड पडू नयेत म्हणून." ती थांबली. अजून काहीतरी जिभेवर आलं होतं, ते तिनं परत आत ढकललं. "एवढंच."

लिहिलेलं वाचून दाखवलं, तिनं सही केली. बाहेर आल्यावर ती सोनाजीला म्हणाली, "बारा वर्षं दीड पानात बसली बघा." आणि मग जीपमध्ये बाहेर तोंड करून बसली. सोनाजीनं दोनदा तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

नागरिकत्वाचा दाखला आला तो पोळ्याच्या आधल्या दिवशी, दलजीतच्या मोबाइलवर. देविदासनं त्याची रंगीत प्रत काढून आणली. सुरजन सिंगांनी ती गोजरबाईच्या हातात दिली. तिनं उलटी-सुलटी करून बघितली, सोनाजीच्या ओल्या हातांपासून लांब धरली आणि पेढे मागितले. पेढे आले. गावानं "काबुलीकाका आता हिंगोलीवाले" म्हणून चिडवून घेतलं.

दुपारी पलीकडच्या दुकानातून स्पीकरवर लावलेल्या फोनचं बोलणं ऐकू आलं. ऐकू येणारच, भिंत तेवढीशीच आहे. सुरजन सिंग आपल्या बहिणीशी बोलत होते. तिकडं राज्य पालटलं तेव्हा सरकारच्या विमानानं ती लेकरांसह दिल्लीत आली होती. पण कायद्यातल्या तारखेच्या कितीतरी नंतर. तिचा कागद कधी होईल, होईल की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं. पलीकडची बाई आधी हसली, अभिनंदन केलं, आणि मग नुसतीच रडत राहिली.  सुरजन सिंग नुसतं "हां, हां" म्हणत होते.

गोजरबाई उठली. भट्टीवरचा चहा तसाच उकळत ठेवून शेजारच्या दुकानात गेली आणि विचारल्याशिवाय त्यांच्या हातातून फोन घेतला.

"ताई, मी गोजरबाई, शेजारची. रडू नगा. तुमी इकडं या लेकरं घिऊन. आमच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या..."

तिनं सुरजन सिंगांकडं बघितलं.

"एक खोली," ती म्हणाली. "एकच हाय. पावसात कोपऱ्यात गळते. पण या."