मंगलची चिठ्ठी आणि माझं भाकीत

बाहेरून आलेल्या मॅडमनी चिठ्ठ्यांचा डबा उचलला, झाकण लावलं आणि गदागदा हलवला. मी खुर्चीतून अर्धा उठलोच.

कारण सांगतो. बारावीला इंग्लिशची तोंडी परीक्षा असते, ओरल. पोरगं येतं, चिठ्ठी उचलतं, तिच्यावरच्या टॉपिकवर चार वाक्यं बोलतं. एक परीक्षक आमचा, म्हणजे मी. दुसरा बाहेरच्या कॉलेजचा, एक्स्टर्नल. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी डोंगराकडं, मढच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवत होतो. आमची तिथं एक रीत होती. ज्याचा टॉपिक त्याला महिनाभर आधीच वाटून द्यायचा, पाठ करून घ्यायचा, आणि डब्यात चिठ्ठ्या हजेरीच्या क्रमानं रचायच्या. पोरांनी वरचीच उचलायची. तोवर एक्स्टर्नलला चहात गुंतवायचं. लबाडी होती, कबूल. पण वर्षानुवर्षं चालत आली होती आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

आंबेगाव तालुक्यातून आलेल्या या मॅडम चहाच पीत नव्हत्या.

बाकीच्यांची मला फिकीर नव्हती. काळजी होती ती मंगलची. ही पोरगी इंग्लिशच्या तासाला तोंड म्हणून उघडायची नाही. तिला मी 'माय स्कूल' दिलं होतं, मोजून सहा वाक्यं. पंधरा दिवसांपूर्वी तिचे वडील कॉलेजात आले होते.

"सर, खरं काय ते सांगा. पास निघंल का ही?"

मी त्या दिवशी पेपर तपासून वैतागलेलो. म्हणालो, "इंग्लिशात काही निघत नाही बघा. माझं लिहून घ्या."

"मंग तोंडीचं काय व्हतं ते तुमीच कळवा. त्यात गेली तर लेखीला न्हाई बसवत. राबाचं लई काम पडलंय."

राब म्हणजे भाताची रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या पसरून जमीन भाजायची. त्याला माणूसबळ लागतं, त्यांचं काही खोटं नव्हतं. पण माझ्या एका वाक्यावर पोरीची बारावी टांगली गेली, हे ते गेल्यावर ध्यानात आलं. स्वतःचाच राग आला. बोलून बसलो होतो.

तर डबा हलला. 'माय स्कूल' गेलं वर्गातल्या पहिल्या नंबरच्या पोराकडं. त्यानं एवढं सोपं कधी पाठच केलेलं नव्हतं, तिसऱ्या वाक्याला तो आपटला. आणि त्याची चिठ्ठी आली मंगलला. 'डू यू बिलीव्ह इन प्रेडिक्शन्स?'

झालं कल्याण! त्या टॉपिकमधले शब्द मी सगळ्या वर्गाला फळ्यावर लिहून दिले होते, खाली देवनागरीत उच्चार. प्रेडिक्शन म्हणजे पुढचं आधी सांगणं, कशाचंही. फोरकास्ट बहुतेक हवामानाचं, यंत्रं आणि नोंदी बघून केलेलं. ओमेन म्हणजे शकुन. प्रॉफेसाय म्हणजे देवाच्या नाहीतर साधूच्या तोंडून आलेलं भाकीत. म्हणजे मंगलकडं शब्द होते, वाक्यं नव्हती.

तिनं चिठ्ठी वाचली. माझ्याकडं बघितलं. आम्हाला काही सुचवायची परवानगी नसते, मी खिडकीकडं बघितलं.

"स्टार्ट," मॅडम म्हणाल्या.

मंगलनं चिठ्ठी उलटसुलट केली. मी मनात म्हटलं, गेली.

"माय ग्रँडफादर," मंगल एकदम म्हणाली, "गिव्ह प्रॉफेसाय. इन होळी."

"होळी? टेल मी."

मंगलनं हात उंच केला. "बिग स्टिक. फायर. स्टिक फॉल. ईस्ट फॉल, गुड रेन, गुड राइस. वेस्ट फॉल, बॅड ओमेन."

होळीच्या मधला उंच खांब जळून कुठल्या अंगाला पडतो त्यावरून पाऊसपाणी सांगायचं, ही त्यांच्या वाडीची पद्धत. सांगणारा तिचा आजा. हे मला तोवर माहीतही नव्हतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अँड इफ इट फॉल्स वेस्ट?"

"नेव्हर, मॅडम."

"नेव्हर? हाऊ?"

मंगलला हसू आलं. "पीपल पुश."

"व्हॉट?"

"स्टिक गो वेस्ट, ऑल पीपल पुश. विथ बांबू. ईस्ट!" पोरीनं उठून दोन्ही हातांनी ढकलूनच दाखवलं.

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. मग चिठ्ठीवरचा मूळ प्रश्न विचारला. "सो, डू यू बिलीव्ह?"

"नो, मॅडम." मंगलनं चिठ्ठी टेबलावर ठेवली. "बट आय ऑल्सो पुश."

ती बाहेर गेली. मॅडम मला म्हणाल्या, "सर, ग्रामरच्या नावानं शंख आहे. पण सकाळपासून सगळी पाठ केलेलं ओकली, ही एकटी बोलली. वीसपैकी चौदा देतेय."

माझा जीव भांड्यात पडला.

"आणि एक. भाकीत या अर्थी प्रॉफसी म्हणायचं. भाकीत करणं, हे क्रियापद असेल तेव्हा प्रॉफसाय. आणि ओमेन नव्हे, ओमन. हे उच्चार शिकवले कुणी?"

"मीच."

"उच्चाराचे दोन मार्क तिचे कापलेत. कापायला तुमचे हवे होते."

मी हसत हसत 'हो' म्हणालो. एवढं हलकं वाटत होतं की लाज वाटायला जागाच नव्हती. चिठ्ठ्या रचणं मात्र त्या दिवसापासून बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मंगलचे वडील फाटकाशी उभे होते. मी लांबूनच सांगितलं, "छान झालंय. लेखीला बसवा पोरीला."

"तुमी तर म्हनला व्हता, लिवून घ्या."

"चुकलो राव मी. साफ चुकलो."

"मंग आता काय म्हन्ता? लेखीत निघंल का?"

तोंड उघडलं होतं, ते मिटलं. म्हणालो, "अभ्यास करू द्या तिला. राबाला तिच्या जागी मी येतो."

त्यांना थट्टा वाटली. रविवारी खरंच गेलो. मी लोणी गावचा माणूस, आमच्या बाजूला राब नसतो. पाल्याचे भारे वाहून कंबर धरली, धुरानं डोळे सुजले, आणि वाडीतल्या बायांनी पोटभर हसून घेतलं. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो.

मंगल लेखीत निघाली, इंग्लिशात काठावर, पण निघाली. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. मास्तरनं पोरांचं भविष्य सांगू नये. सांगितलंच, तर ते खोटं पाडायला दोन रविवार हाताशी ठेवावेत.