लोमोकीच्या हातचं मीठ

सोंगोरच्या खाऱ्या तळ्यात मीठ वेचत म्हातारी झालेल्या बाईला मीठ कमी खा म्हणणं म्हंजे बेडकाला अंग कोरडं ठेव म्हणण्यासारखं. तरी नर्स देदे तसं म्हणाली, आणि तेही आमच्या लोमोकीमावशीला! गावात कुणीही मरो, मयताच्या जेवणाच्या हंड्यात मीठ घालायची ती लोमोकीच. मेलेला कसाही असो, रस्सा चुकला नाही कधी.

"मावशी, रक्तदाब लई चढलाय. गोळी रोज घ्यायची अन् मीठ तोडायचं."

"माझं डोकंसुदिक दुखत न्हाई, पोरी. तुझं यंत्रच चढलं असंल."

"न दुखताच चढतंय ते. उद्या हात लुळा पडला तर पळी कशानं धरशील? आकडा उतरला न्हाई, तर तेयेच्या मयताला तुला चुलीजवळ फिरकू देत न्हाई मी."

हे मात्र झोंबलं. आमच्याकडं मयत पैसा-पाहुणे जमल्यावर सावकाश करतात; तोवर म्हातारा तेये शहरातल्या शवागारात थंड पडून होता, जेवण महिन्यावर आलेलं. लोमोकीनं मिठाचं मडकं दाराबाहेर पालथं घातलं.

पुढच्या तपासणीला आकडा आणखी वर!

"तळ्याची आण, मिठाचा खडा शिवले न्हाई!"

देदे तडक तिच्या चुलीपाशी. रश्श्यात खारवलेला मासा, वर बाजारच्या मसाल्याच्या वड्या.

"अन् हे काय गं?"

"मासा हाय. डोळं फुटलं का तुझं?"

देदेनं तसलाच एक मासा वाडग्यात भिजत घातला आणि तासाभरानं पाणी पुढं केलं. "पी."

लोमोकी थू थू करत उठली. "अगं, हे तर तळंच की!"

"वड्यांतबी तळंच हाय."

आम्हा मीठवाल्यांचं असंच. तळ्यातनं खरवडलं ते मीठ. माशात गेलं की तो मासा.

मग ताजी मासळी, आलं, मिरची आणि रोजची गोळी. मयतापर्यंत आकडा बराच उतरला, पळी हातात आली. हंड्यातही तिनं मीठ कमी अन् मिरची सढळ घातली. पण तेयेचा मेव्हणा अमानोर पहिल्याच घोटाला ओरडला, "मीठ इसरलीस व्हय गं, थेरडे?"

इतक्या वर्षांचं नाव त्या घोटात बुडायला आलेलं.

"इसरले न्हाई. मेव्हण्यासाठी तू अजून रडला न्हाईस," लोमोकी म्हणाली. "आधी खा."

मिरचीनं आपलं काम केलं. अमानोरचं नाक गळालं, डोळे गळाले, टपटप वाडग्यात.

"आता चाख."

मांडव खदखदला. अमानोरनं नाक पुसलं, वाडगा चाटला आणि पुन्हा पुढं केला.

लोमोकीनं पळी बुडवली.